हाताला सवय झाली म्हणजे हात सुधारला असं नाही

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड, मोर्शी, शेंदूरजनाघाट या पट्ट्यात संत्र्याच्या कलमांचं काम चालतं. जंबेरी लिंबाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, टी आकाराचा छेद घ्यायचा, चांगल्या झाडाच्या काडीवरून सालीसकट डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, उचलायचा, छेदात सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. जाणत्या माणसाचं हे सगळं बघता बघता होतं. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की निकाल समोर असतो. डोळा हिरवा असेल तर लागला, काळा पडला तर गेला. नवखा पोरगासुद्धा हे काम लवकर उचलतो, कारण चूक त्याच वाफ्यात, त्याच महिन्यात दिसते.

याच कामात आणखी एक गोष्ट असते. डोळा जमिनीपासून निदान नऊ इंच वर बांधावा अशी शिफारस आहे. खाली बांधला तर जोड ओल्या मातीच्या जवळ राहतो आणि झाडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लवकर गाठतो. पण हा तोटा दिसतो काही वर्षांनी, दुसऱ्याच्या वावरात. रोप केव्हाच विकलं गेलेलं असतं, बांधणाऱ्याला काही कळत नाही. त्यामुळे वीस वर्षं कलमं बांधणारा माणूस डोळा लावण्यात तरबेज होतो आणि उंचीच्या बाबतीत मात्र पहिल्या वर्षी होता तिथेच राहू शकतो. अनुभव एकच, हात एकच. एका बाबतीत सुधारणा झाली, दुसऱ्या बाबतीत नुसती सवय.

सवय आणि सराव यांची गल्लत होते ती इथेच. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तेच काम, पुन्हा पुन्हा. सवयीने काम सोपं होतं, डोकं मोकळं राहतं, हात आपोआप चालतो. रोजच्या पोटापाण्याच्या कामाला तेवढं पुरतंही. सरावात माणूस मुद्दाम जिथे अडतं तिथे जातो, काय चुकलं ते लगेच तपासतो आणि पुढच्या खेपेला तेवढंच बदलून बघतो. म्हणून सराव थकवतो.

मन लावून केलेला सराव माणसाला कुठवर नेतो, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगातलं आहे. साधारण स्मरणशक्तीचा एक विद्यार्थी. ऐकलेले सातेक आकडे त्याला ओळीने सांगता यायचे, तुम्हा-आम्हाला येतात तेवढेच. वीस महिन्यांत सुमारे २३० तास सराव केल्यावर तो जवळपास ८० आकडे सांगू लागला. तो धावपटू होता. ३४९२ असे आकडे आले की तो ते ३ मिनिटं ४९.२ सेकंद, म्हणजे मैलाच्या शर्यतीची वेळ, असे लक्षात ठेवायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर तो पुन्हा सहावर आला. त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती, आकडे धरायची रीत त्याने कमावली होती. जे घासाल तेच उजळतं, हे पालकांनी नीट समजून घ्यावं.

आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पुष्कळ जण रोज घोळक्याने, एकाच वेगात धावतात. सुरुवातीला दम वाढतो, मग वेळ एका जागी अडकते आणि घरचे म्हणतात, "याच्यानं नाही होत." माझं म्हणणं आहे, निकाल देण्याआधी १६०० चे चार भाग करून प्रत्येक ४०० मीटरची वेळ वहीत लिहा. बहुतेकांची तिसरी फेरी, म्हणजे तिसरे ४०० मीटर, मंद पडते. मग आठवड्यातले एक-दोन दिवस त्या तिसऱ्या फेरीच्या वेगावरच काम करा, मध्ये विश्रांती घेत.

सरावाने सगळंच साधतं, असंही कोणी सांगू नये. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेल्या हिशेबात, खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी सुमारे १८ टक्के फरक सरावाच्या तासांशी जोडता आला, संगीतात २१ टक्के. बाकीच्यात शरीराची ठेवण आणि इतर बऱ्याच गोष्टी आल्या. पण तो फरक माणसामाणसांतला आहे. पोरगी गेल्या उन्हाळ्यातल्या स्वतःपेक्षा किती पुढे गेली, हा प्रश्न वेगळा, आणि तिच्यासाठी तोच जास्त कामाचा.

बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरचा १९९३ चा अभ्यास 'दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो' या समजामुळे गाजला. त्यातली दुसरी नोंद कोणी सांगत नाही: सर्वांत चांगले वादक जास्त झोपायचे, दुपारीसुद्धा. आपल्या गावात धावून आलेली पोरगी आधी पाणी भरते, भाकरी थापते आणि निंदणाला जाते. पोरगा मात्र आडवा होतो. दोघांना तयारीला लावलं असेल, तर पाणी दोघांनी वाटून भरावं आणि दुपारचा तासभर तिलाही पडू द्यावं.