स्पोर्ट्स कार आणि अतिवेग

ताकदवान इंजिनाच्या, जमिनीलगत बसणाऱ्या स्पोर्ट्स कार आणि सुपरकार साध्या सार्वजनिक रस्त्यावर त्यांच्या पूर्ण ताकदीच्या आसपास पळवल्या की जो धोका तयार होतो त्याबद्दलची ही नोंद. आता कुणी म्हणेल की स्पीड कुठल्याही गाडीत वाईटच, मग स्पोर्ट्स कारला वेगळं काढायचं कारण काय. कारण असं की साधी गाडी ताशी १४० किलोमीटरच्या पुढे गेली की (पुढचे स्पीडचे आकडेही ताशी किलोमीटरमध्येच) स्वतःच बोंबलायला लागते, स्टिअरिंग थरथरतं, वाऱ्याचा आवाज वाढतो, ड्रायव्हरला आपोआप भीती वाटते आणि पाय ढिला होतो. चांगल्या स्पोर्ट्स कारमध्ये १४० ला यातलं काहीच होत नाही. ती चांगली बनवलेली असते हीच इथली खरी भानगड आहे, गाडी सुधारत गेली पण रस्ता, समोरून येणारी माणसं आणि ड्रायव्हरचा मेंदू होता तिथेच राहिला.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून, बऱ्याच स्पोर्ट्स कार आज ० ते १०० चार सेकंदांत गाठतात, सुपरकार तीनच्या आत, आणि रिमॅक नेवेरासारखी इलेक्ट्रिक गाडी तर दोनच्याही आत. म्हणजे ओव्हरटेक करताना नुसता पाय जरा जास्त दाबला गेला तरी मीटरकडे बघेपर्यंत आकडा कुठल्या कुठे गेलेला असतो. इलेक्ट्रिक गाड्यांत हे जास्तच, कारण त्यांना गिअर बदलायचा नसतो, इंजिनाचा आवाज चढत नाही आणि सगळा जोर पहिल्या क्षणापासून हजर असतो.

आता ब्रेकचं गणित, सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. स्पीड दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते, आणि ब्रेकला ती सगळी उष्णता करून बाहेर टाकावी लागते. कोरडा रस्ता, उत्तम टायर आणि पूर्ण दाबलेला ब्रेक धरला तर १०० वरून थांबायला साधारण ४० मीटर लागतात, २०० वरून १६० च्या जवळ आणि ३०० वरून साडेतीनशे. यात अजून ड्रायव्हरच्या लक्षात येण्याचा वेळ धरलेलाच नाही. सावध माणसालाही काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जायला एक ते दीड सेकंद लागतो, आणि २०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते, म्हणजे ब्रेकला हात, सॉरी पाय, लागायच्या आतच ८० मीटर गेलेले असू शकतात. रात्री लो बीमवर पुढचं नीट दिसतं ते ५०-६० मीटर. उरलेल्या रस्त्यावर काय आहे ते देवाला माहीत.

एक उदाहरण मला नेहमी पटवायला उपयोगी वाटतं. दोन एकसारख्या गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक १०० ने आणि दुसरी १४० ने, आणि दोघींनी अगदी एकाच जागी पूर्ण ब्रेक लावला. पहिली गाडी ज्या जागी थांबते त्या जागी दुसरी अजून जवळजवळ ९८ ने जात असते. फरक फक्त ४० चा होता ना, मग तिथे ४० उरायला हवेत असं मन म्हणतं, पण गणित वर्गाचं आहे, ते मनाचं ऐकत नाही.

आणि धडक झालीच तर? एअरबॅग, सीटबेल्ट, कार्बन फायबरची केबिन, सगळं असतं, पण अनेक वर्षं वापरात असलेली समोरच्या धडकेची प्रसिद्ध टेस्ट ६४ च्या स्पीडला व्हायची आणि गाडीचा पुढचा भाग साधारण तेवढ्याच्याच हिशोबाने चुरगळतो. १२८ ला तीच ऊर्जा चौपट, २०० ला जवळपास दहापट. पाच स्टार मिळालेली गाडी २०० ला पाच स्टारची राहत नाही, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

वळणावर काय होतं ते जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. चार टायर जमिनीला टेकतात ते प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेवर, आणि वळणं, ब्रेक लावणं, ॲक्सिलरेशन ही तिन्ही कामं त्या जागेच्या पकडीतून, म्हणजे ग्रिपमधून भागवायची असतात. वळताना सगळी ग्रिप वापरली तर ब्रेकसाठी काहीच शिल्लक राहत नाही. १०० मीटर त्रिज्येचं वळण कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर फार तर ११० च्या थोडं वर निघतं. तेच वळण ओलं असेल आणि ग्रिप निम्मी झाली असेल तर ८० च्या वर नाही. यात इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं आहे की १००० चं याचा काहीही संबंध नाही, आणि नेमकं हेच गाडी घेतलेल्या माणसाला शेवटपर्यंत पटत नाही.

ग्रिप सुटते तीही दोन तऱ्हेने. पुढचे टायर सुटले की गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही, सरळच जाते, याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचे सुटले की मागची बाजू बाहेर येते आणि गाडी फिरते, ते ओव्हरस्टिअर. मागे किंवा मध्ये इंजिन असलेल्या गाड्यांत दुसरा प्रकार फार भयानक, कारण वळणात घाबरून माणूस एकदम ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात आणि गाडी झटक्यात फिरते. म्हणजे जी गोष्ट घाबरलेला माणूस आपोआप करणार तीच इथे घात करते. १९७५ ला आलेली पोर्शे ९११ टर्बो याच्यासाठी इतकी बदनाम झाली की तिला विडोमेकर, म्हणजे बायकोला विधवा करणारी, असं नाव पडलं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि वर टर्बो लॅग, म्हणजे पाय दाबला की आधी काहीच नाही आणि मग वळणाच्या मधोमध सगळी ताकद एकदम. त्या गाडीत होते २६० हॉर्सपॉवर, आजच्या मानाने काहीच नाहीत.

नंतर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आलं, १९९५ ला मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये, आणि खरंच बरेच जीव वाचले. ही सिस्टिम एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते. पण ती असलेली ग्रिप वाटून देते, नवीन ग्रिप बनवत नाही, वळणाला स्पीडच जास्त असेल तर तीही हात टेकते. शिवाय स्पोर्ट्स कारमध्ये ती बंद करायचं बटण असतं आणि ते बटण नेमकं कोण दाबतं हे सांगायला नको.

टायर आणि ब्रेकबद्दल थोडक्यात. टायरवर स्पीडचं अक्षर असतं, व्ही म्हणजे २४० पर्यंत, डब्ल्यू २७०, वाय ३००, आणि कंसातला वाय म्हणजे ३०० च्या वर. हवा कमी असेल तर हे अक्षर काही कामाचं नाही, टायर आतून तापतो आणि फुटतो. रेसच्या ट्रॅकसाठीचे सेमी स्लिक टायर थंड असताना जवळजवळ पकडतच नाहीत, आणि त्यांना पाणी बाहेर काढायला खाचा कमी म्हणून पावसात ते पाण्यावर तरंगायला लागतात. जुने टायर तर सगळ्यात वाईट, कारण या गाड्या कमी चालतात, नक्षी नवीन दिसते पण रबर कडक झालेलं असतं. ब्रेक ऑइलचंही तसंच, डॉट ४ या दर्जाचं नवीन ऑइल निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढत राहतं आणि मग हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उतारावर दोन-चार वेळा जोरात ब्रेक मारले की ऑइल उकळतं, पेडल मऊ होऊन खाली जातं आणि गाडी थांबत नाही. बुगाटी वेरॉन या सुपरकारसाठी २००५ मध्ये टायर खास बनवून घ्यावे लागले होते, आणि ४०० च्या वरच्या स्पीडला ते जेमतेम १५ मिनिटं टिकतील पण पेट्रोलची टाकी त्याआधीच १२ मिनिटांत संपते असं त्या गाडीबद्दल तेव्हा सांगितलं जायचं.

हवेचा भाग विसरला जातो. स्पीड वाढला की हवा गाडीला मागे ढकलते तशी वरही उचलते, आणि मागचा भाग हलका झाला की लेन बदलतानाही गाडी सुटू शकते. पहिली ऑडी टीटी दिसायला इतकी सुंदर, पण जर्मन ऑटोबानवर तिचे जास्त स्पीडचे अपघात झाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर लावला, सस्पेन्शन बदललं आणि स्टॅबिलिटी कंट्रोल दिलं.

माणसाकडे येऊ. मेंदूला स्पीड कळतो तो आवाज, हादरे आणि बाजूने सरकणाऱ्या गोष्टींवरून, आणि शांत केबिनमध्ये यातलं निम्मं गायब असतं. अर्धा तास २०० ने गेल्यावर १२० म्हणजे गाडी रांगतेय असं वाटतं आणि हायवेवरून उतरणाऱ्या वळणावर माणूस याच भ्रमात शिरतो. नजरही आखडते, लांबच्या एका बिंदूवर खिळते आणि कडेने येणारं काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी स्पीड १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्के वाढतो, आणि इथे तर गोष्ट टक्क्यांची नाही, दुपटीची असते.

पण चूक नेहमी वेगात असलेल्याचीच होते असंही नाही, बाकीचे लोक चुकतात आणि वेग त्या चुकीला माफ करत नाही. चौकात उभा असलेला ड्रायव्हर १५० मीटरवरची गाडी बघून हिशोब करतो की ती ८० ने येत असेल, सहा-सात सेकंद आहेत, निघतो आरामात. ती २०० ने येत असेल तर त्याच्याकडे आहेत पावणेतीन सेकंद. त्यात स्पोर्ट्स कार बुटकी, लांबून छोटी दिसते, म्हणून अजूनच दूर वाटते. अभिनेता जेम्स डीन ३० सप्टेंबर १९५५ ला कॅलिफोर्नियात पोर्शे ५५० स्पायडर चालवताना मरण पावला तो समोरून येणाऱ्या फोर्डने त्याच्या रस्त्यात वळण घेतल्यामुळे. त्या ड्रायव्हरचं म्हणणं होतं की ती छोटी गाडी दिसलीच नाही. डीनला त्याच दुपारी स्पीडसाठी पावती मिळाली होती, पण धडकेच्या वेळी तो किती स्पीडला होता यावर आजही वाद घालतात लोक.

'फास्ट अँड फ्युरिअस' चित्रपटांतला अभिनेता पॉल वॉकर ज्यात मरण पावला तो अपघात ३० नोव्हेंबर २०१३ चा, गाडी पोर्शे कॅरेरा जीटी, तो शेजारच्या सीटवर होता. ५.७ लिटरचं व्ही१० इंजिन, ६०० च्या वर हॉर्सपॉवर आणि स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. तपासात निघालं की ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांनी, म्हणजे १३० ते १५० किलोमीटरने चालली होती, टायर नऊ वर्षांचे होते आणि यांत्रिक बिघाड काही सापडला नाही. हा आकडा नीट वाचा, १५०. त्या गाडीची कमाल ३३० आहे, म्हणजे ती निम्म्यालासुद्धा पोचली नव्हती. वॉकरच्या मुलीने आणि वडिलांनी गाडीच्या बनावटीला दोष देत कंपनीवर दावे लावले, ते नंतर तडजोडीने मिटले.

कायदा देशोदेशी वेगळा. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागावर मर्यादा नाही, फक्त १९७८ पासून १३० ची शिफारस आहे, आणि म्हणून जुलै २०२१ मध्ये बुगाटी शिरॉन ४१७ ने पळवून व्हिडिओ टाकणाऱ्यावर चौकशी झाली पण खटला काही उभा राहिला नाही. त्या व्हिडिओत रस्ता रिकामा, हवा कोरडी होती आणि पुढचं लांबवर दिसत होतं हे खरं, पण बाजूच्या लेनमध्ये १२० ने जाणाऱ्या गाडीला मागून ४१७ ने काहीतरी येतंय हे आरशात कळायला वेळ किती मिळतो? जवळजवळ नाहीच. डेन्मार्कने मात्र २०२१ मध्ये वेगळाच मार्ग धरला, २०० च्या वर सापडलात तर गाडीच जप्त, मग ती कुणाचीही असो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीत घेतलेली नवी लॅम्बोर्गिनी हुराकान नॉर्वेला नेताना एक माणूस २३६ ने पकडला गेला आणि गाडी घेतल्याच्या काही तासांतच ती सरकारजमा झाली. दंडाने श्रीमंत माणसाला काही होत नाही, गाडी गेली की होतं, त्यामुळे मला तरी हा कायदा जास्त डोक्याने केलेला वाटतो.

ज्याला पळवायचीच आहे त्याच्यासाठी ट्रॅक असतो. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, चौक नाहीत, वळणाबाहेर खडीचा पट्टा असतो, झेंडे दाखवणारी माणसं आणि रुग्णवाहिका हजर. हे सगळीकडे सारखं नसतं मात्र. जर्मनीतला १९२७ चा नुरबुर्गरिंग, त्याचा जवळपास २१ किलोमीटरचा जुना भाग पर्यटकांना पैसे भरून चालवता येतो, पण त्या वेळी तो टोल रस्ताच समजला जातो, वाहतुकीचे नियम लागू राहतात, बऱ्याच ठिकाणी कडेचं लोखंडी रेलिंग रस्त्याला जवळजवळ खेटून आहे, आणि गाडी त्यावर घातली तर मोडलेल्या रेलिंगचं, टोचनचं आणि ट्रॅक बंद ठेवावा लागल्याचं बिल ड्रायव्हरच्या नावावर येतं, जे विमा कंपनी भरेलच असं नाही.