शाडूची पाटी आणि ओलं बोट

गणपती बसायच्या पंधरा दिवस आधी नाशिकच्या मैदानांवर मूर्तींचे गाळे लागतात. हल्ली त्यातल्या बहुतेक गाळ्यांवर हिरव्या अक्षरांतली पाटी असते: 'इको फ्रेंडली', 'पर्यावरणपूरक', 'निसर्गस्नेही'. गेल्या वर्षी गंगापूर रोडवरच्या अशाच एका गाळ्यावर माझ्यापुढे एक काकू उभ्या होत्या. त्यांनी मूर्ती हलकेच आडवी केली, पिशवीतली पाण्याची बाटली काढून बोट ओलं केलं आणि तळाला, जिथे रंग पोचला नव्हता तिथे घासलं. बोटाला चिखल लागलाच नाही.

"दादा, ही शाडूची नाही."

"काकू, रंग इको फ्रेंडली आहे ना!"

दादा खोटं बोलत होते असंही म्हणता येत नाही. पाटीवर 'इको फ्रेंडली' होतं, पण काय इको फ्रेंडली ते लिहिलेलंच नव्हतं. हिरव्या जाहिरातीचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

काकूंची परीक्षा मात्र पक्की होती. शाडूची मूर्ती म्हणजे न भाजलेली माती. तिचे कण नुसते एकमेकांना चिकटून वाळलेले असतात, पाणी लागलं की सुटतात आणि बोटाला चिखल लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचं तसं नाही. त्या भुकटीत पाणी घातलं की तिचं जिप्सम होतं आणि जिप्समचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंततात. जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे किलोभर वजनाची मूर्ती पुरती विरघळायला निदान चारशे लिटर पाणी हवं. घरची बादली तिथे काय पुरणार! म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटचा मार्ग सुचवला. बेकरीत बिस्किटं फुगवायला वापरतात तीच ही पावडर. तिच्या द्रावणात मूर्ती ठेवली की जिप्समचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं आणि वर उरतं अमोनियम सल्फेटचं पाणी, जे पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं.

आता पाटीकडे वळू. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ग्रीन', 'इको फ्रेंडली' असे मोघम शब्द वापरायचे तर नेमकं काय आणि कशाच्या आधारावर, हे सांगणं त्यात बंधनकारक आहे. दावा वस्तूचा, तिच्या वेष्टनाचा की बनवण्याच्या पद्धतीचा, तेही स्पष्ट हवं. 'रंग इको फ्रेंडली' ही पळवाट याच ठिकाणी अडते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मला मात्र वाटतं, गाळ्यासमोर उभं राहून "काय इको फ्रेंडली आहे?" एवढं विचारणं जास्त लवकर लागू पडतं.

पण समजा पाटी खरी आहे. तरी माणूस ती वाचून मूर्ती बदलतो का? नदी स्वच्छ राहावी असं कोणाला वाटत नाही? विचारलं तर सगळेच हो म्हणतील. वाटणं आणि करणं यांतल्या या दरीवर मानसशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं काम करत आहेत. किंमत, सवय, सोय ही कारणं आहेतच. आपल्याकडे त्यात एक धाकधूक मिसळते: वाहत्या पाण्यात विसर्जन केलं नाही तर देवाचं काही कमी तर पडणार नाही ना? 'प्रदूषण टाळा' ही घोषणा या भीतीच्या आसपासही फिरकत नाही.

गोदाघाटावर मूर्ती संकलन करणाऱ्या तरुणांची हाक ऐका: 'देव द्या, देवपण घ्या'. त्यात नदी नाही, प्रदूषण नाही. ती थेट त्या धाकधुकीला उत्तर देते. तुम्ही काही गमावत नाही, उलट पदरात काही घेऊन जाता. मला ही हाक फार मोलाची वाटते, कारण ती परंपरेच्या विरोधात उभी राहत नाही. तिला आधारही परंपरेतच सापडतो. या पूजेचं नावच पार्थिव पूजन, म्हणजे मातीच्या मूर्तीचं पूजन. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की देवाला निरोप दिला गेला असं मानतात. नदीवर जायच्या आधीच ते झालेलं असतं.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची: आजूबाजूचे काय करतात ते पाहून आपणही तसंच करतो. अमेरिकेतल्या एका हॉटेलात संशोधकांनी न्हाणीघरात वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा' या पाटीला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी दाद दिली. 'इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असं लिहिल्यावर तो आकडा ४४ टक्क्यांवर गेला. पुढच्या प्रयोगात 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' म्हटल्यावर तो ४९ टक्क्यांच्या घरात पोचला.

हेच उलटही होतं, आणि ते आपण रोज करतो. अ‍ॅरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानातून पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत. 'आजवर अनेकांनी तुकडे नेल्याने उद्यानाची हानी झाली आहे' अशी पाटी लावली, तेव्हा संशोधकांनी खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका' एवढंच सांगणाऱ्या पाटीजवळ २ टक्केही गेले नाहीत. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी घाटावरच्या भंगलेल्या मूर्तींचे फोटो आपण कळवळून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्यातून बघणाऱ्याला संताप पोचतो, पण 'सगळे असंच करतात' हेही पोचतं.

मग घरी विसर्जन करणारे आपल्या इमारतीत थोडेच असले तर? बहुतेक जण करतात असं खोटं लिहायचं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या उपाहारगृहात २०१७ च्या सुमारास यावर छान प्रयोग झाला. 'काही लोक मांस कमी खातात' असं वाचलेल्यांपैकी १७ टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं. 'काही लोक मांस कमी खायला लागले आहेत' असं वाचलेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. 'खातात' आणि 'खायला लागले आहेत', फरक एवढाच.

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर यंदा मी तसंच लिहिलं: "आपल्या इमारतीत घरी विसर्जन करणारी घरं वाढायला लागली आहेत. बादली हवी असेल तर दुसऱ्या मजल्यावर विचारा." दीड दिवसाच्या गणपतीच्या संध्याकाळी बादली न्यायला आले ते वरच्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांनी आजवर रामकुंडाशिवाय विसर्जन केलं नव्हतं. त्यांनी मूर्ती स्वतः पाण्यात सोडली, हात जोडले आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. आधी सोंडेची कड गेली, मग हात. सकाळी बादलीच्या तळाशी करडा मऊ गाळ होता. तो त्यांनी वाटीने दोन कुंड्यांत घातला आणि एक वाटी मला आणून दिली, "तुमच्या तुळशीला."