तान म्हणा, चान म्हणा, आडनाव चेनच

चेन, चान, चिन, तान, तांग आणि व्हिएतनाममधलं त्रान, ही सगळी एकाच चिनी अक्षराची रूपं आहेत. नुसतं स्पेलिंग बघून घराणं कुठलं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. चान म्हणजे हाँगकाँग-ग्वांगझोऊकडचे. चिन म्हणजे बहुतेक त्याच ग्वांगडोंग प्रांतातल्या ताइशानचे, यांचे पूर्वज सोन्याच्या खाणी आणि रेल्वेच्या कामाला अमेरिकेत गेले. तान म्हणजे चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या फुज्यान प्रांताचा दक्षिण भाग, श्यामेन-चांगझोऊचा पट्टा, आणि तांग त्याला लागूनच असलेल्या तिओच्यू भागातले.

मूळ कथा थोडक्यात सांगायची तर इ.स.पू. 11 व्या शतकात झोऊ राजाने आजच्या हनान प्रांतात हुआइयांगजवळ एक जहागीर दिली, तिचं नाव चेन. पुढे चू राज्याने ती गिळली आणि लोकांनी गेलेल्या राज्याचं नाव आडनाव म्हणून धरून ठेवलं. त्याआधीच, इ.स.पू. 672 मध्ये, तिथला एक राजपुत्र पळून ची राज्यात गेला होता, त्याचे वंशज त्यान म्हणवू लागले आणि तीनेकशे वर्षांनी त्यांनी ची राज्यच बळकावलं.

आता चेनचं एकदम त्यान कसं झालं? तर झालंच नाही, त्या काळी दोन्ही शब्दांचा उच्चार जवळपास सारखाच होता. जुन्या चिनीतला त उत्तरेकडे नंतर च झाला, फुज्यानच्या बोलीत मात्र तो तसाच राहिला, म्हणून तिकडे आजही तान. थोडक्यात 'तान हा चेनचा अपभ्रंश' असं जे सर्रास ठोकून देतात ते उलटं आहे, बदलला तो चेन.

दक्षिणेकडे हे लोक टप्प्याटप्प्याने आले. 7 व्या शतकात याच आडनावाच्या एका सेनापतीने फुज्यानच्या दक्षिणेत बस्तान बसवलं, 686 मध्ये चांगझोऊ हा वेगळा जिल्हा झाला, आणि आज त्या सेनापतीची देव म्हणून पूजा होते. फुज्यानमधल्या कितीतरी वंशावळी 'आम्ही मूळचे हनानमधल्या गुशीचे' असं सांगतात, पण नंतर फुज्यानमध्ये जो राजा झाला तो गुशीचा होता म्हणून सगळे गुशीचे झाले, असा टोमणा 12 व्या शतकातल्याच एका इतिहासकाराने मारून ठेवलाय.

समुद्राचं प्रकरण वेगळं. 1661 मध्ये चीनच्या छिंग दरबाराने किनाऱ्यावरची गावंच उठवली, 1684 ला समुद्रावर जायची बंदी सैल झाली आणि मग तैवान, मलाक्का, बटाविया (आजचं जकार्ता), पुढे 1819 नंतर सिंगापूर असा ओघ लागला. तैवानमध्ये आज साधारण दर नऊ माणसांत एक चेन आहे.

पण मला खरी गोष्ट वाटते ती इंडोनेशियाची. डिसेंबर 1966 मध्ये, 1965 च्या कम्युनिस्टविरोधी कत्तलींचं रक्त वाळायच्या आत, तिथल्या मंत्रिमंडळाने चिनी नावं बदलण्याबद्दल एक निर्णय काढला. कागदावर सक्ती कुठेच नव्हती. उलट ही सवलत होती, एरवी नाव बदलायची प्रक्रिया लांबलचक, ती इथे सोपी करून दिली. म्हणून आजही वाद चालतो की हा आदेश होता की सोय. एक बाजू म्हणते चिनी समाजातल्याच एका गटाने 1960 च्या आसपासपासून नावं बदला, मिसळून जा असा प्रचार चालवला होता, आणि ते खरंही आहे. पण त्याच्या विरोधात, नाव ठेवूनही नागरिक होता येतं असं म्हणणारा जो मोठा गट होता त्याच्यावर तोवर बंदी आली होती, मग उरलेल्यांची संमती ती कसली संमती? पुढच्याच वर्षी चिनी सण आणि विधी उघड्यावर करायला मनाई झाली. अशा हवेत सवलतीचा फॉर्म समोर आला की माणूस भरतोच.

मग लोकांनी डोकं लढवलं. तान आत लपवता येईल अशी जावानी वळणाची नावं शोधली, कोणी तांतो झालं, कोणी हार्तांतो, सुतांतो, कोणी तानुजाया. ऐकणाऱ्याला जावानी वाटावं आणि घरच्यांना कळावं. (थायलंडमध्ये 1913 च्या आडनाव कायद्यानंतर असंच काहीसं झालं, तांगने सुरू होणारी ती लांबच लांब आडनावं त्यातलीच, फक्त तिथे मानेवर सुरी नव्हती.) एवढं करूनही नागरिकत्वाचा वेगळा दाखला मागणं काही थांबलं नाही, म्हणजे नाव इंडोनेशियन आणि सरकारी खिडकीवर माणूस चिनीच.

सणांवरची बंदी उठली 2000 साली, आणि ज्या राष्ट्राध्यक्षाने ती उठवली तो, मोठ्या मुस्लिम धर्मगुरूंच्या घराण्यातला माणूस, आपला एक पूर्वज तान होता असं उघडपणे सांगायचा. आता तिथे चिनी भाषा पुन्हा शिकवली जाते, पण ती मँडरिन, म्हणजे उत्तरेकडची प्रमाण चिनी. त्यामुळे हार्तांतोंचा नातू वर्गात स्वतःचं चिनी नाव सांगतो तेव्हा 'चेन' म्हणतो, जो उच्चार त्याच्या घरात कधी कोणी केलेलाच नव्हता.