लिनक्ससीएनसी अद्ययावत करताना ‘वाय’ दाबण्यापूर्वी

(आमच्याकडून रेट्रोफिट करून, म्हणजे जुन्या मशीनवर नवे नियंत्रण बसवून घेतलेल्या लेथ, मिलिंग आणि प्लाझ्मा मशीनच्या ग्राहकांसाठी)

लिनक्ससीएनसी हे पीसीवरून मशीन चालवणारे सॉफ्टवेअर मोफत आहे, डेबियन १२ या लिनक्स प्रणालीत ते तयार मिळते, मग तुमच्या पॅकेजचे पैसे कशाचे, असे भोसरी-चाकणचे ग्राहक आम्हाला मोकळेपणाने विचारतात. प्रश्न रास्त आहे. सॉफ्टवेअरचे पैसे आम्ही घेत नाही; त्याचा परवाना जीपीएल हा मुक्त परवाना आहे आणि आमच्या पॅकेजचा सोर्सही ग्राहकाला मिळतो. शुल्क लागते ते जुळणीचे: रिअल-टाइम कर्नल (वेळ न चुकवता काम करणारा लिनक्सचा गाभा), नियंत्रण सॉफ्टवेअर आणि आपल्या मशीनचे कॉन्फिगरेशन एकाच आज्ञेत बसावे, आणि त्याआधी आपल्याच पीसीवर लेटन्सी टेस्ट (पीसीच्या प्रतिसादाला किती उशीर होतो याची चाचणी) व्हावी, याचे. पॅरलल पोर्टवरून पल्स (मोटर फिरवणारे विद्युत ठोके) जात असतील, तर लेटन्सी १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असलेली उत्तम. ती १०० च्या वर गेली, तर पीसी कितीही नवा दिसत असला तरी आम्ही तो त्या कामाला लावत नाही.

आता ज्या कारणासाठी हे पत्रक काढावे लागले, त्याकडे वळतो. पॅकेजची नवी आवृत्ती बसताना काळ्या खिडकीत कधी कधी एक इंग्रजी प्रश्न येऊन काम थांबते. आपल्या फिटरने कॉन्फिगरेशनची फाइल बदललेली असेल आणि आम्हीही नव्या आवृत्तीत तीच फाइल बदललेली असेल, तेव्हाच हा प्रश्न येतो. त्यावर ‘वाय’ म्हणजे आमची मूळ फाइल घ्या, आणि ‘एन’ म्हणजे मशीनवरची आहे तीच ठेवा. इतर सगळीकडे ‘वाय’ दाबायची सवय असल्यामुळे ऑपरेटर येथेही तेच दाबतो आणि मशीनवर बसून जुळवलेले स्केल (एका मिमीला किती पल्स), बॅकलॅश (स्क्रूतला ढिलेपणा) व होमची (अक्षाच्या सुरुवातीची) जागा एका क्षणात बाजूला पडते.

यात काय बिघडते, ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. मोटरच्या ड्राइव्हला एका फेऱ्यासाठी २००० पल्स लागतात आणि मूळ फाइल ५ मिमी पिचच्या (एका फेऱ्यात अक्ष ५ मिमी सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूची आहे असे धरले, तर तिच्यात स्केल ४०० असते. पुढे आपण १० मिमी पिचचा स्क्रू बसवून स्केल २०० केले असेल आणि ‘वाय’मुळे पुन्हा ४०० आले, तर ५० मिमी सांगितलेला अक्ष १०० मिमी जातो. स्क्रीनवर मात्र ५० च दिसतात, त्यामुळे टूल व्हाइसवर आदळेपर्यंत कोणालाही संशय येत नाही.

हा प्रश्नच काढून टाका, अशी सूचना अनेकदा येते. तसे करणे अवघड नाही, पण मग कोणाची फाइल ठेवायची हे मशीन न पाहता आम्ही ठरवल्यासारखे होईल, आणि ते आम्हाला मान्य नाही. टूल टेबल (टूलच्या मापांची यादी) आणि जी५४ चे ऑफसेट (जॉबच्या शून्याच्या नोंदी) आम्ही मुद्दाम पॅकेजच्या बाहेर ठेवले आहेत, त्यामुळे त्यांना या प्रश्नाने धक्का लागत नाही.

प्रश्न आल्यास काहीही टाइप न करता एंटर दाबावे. त्याचा अर्थ ‘एन’ असाच होतो. दोन फाइलींतला फरक पाहायचा असल्यास ‘डी’ दाबून त्या स्क्रीनचा फोटो आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवावा. चुकून ‘वाय’ दाबले गेलेच, तर मशीन होम करू नये आणि आकडे आठवणीने भरत बसू नये. जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी ‘डीपीकेजी-ओल्ड’ लागून, शाबूत असते आणि ती परत जागेवर आणणे हे फोनवर होणारे काम आहे.

अद्ययावत करण्याचे काम जॉब लावलेला असताना काढू नये. गुरुवारची सुट्टी किंवा खंडेनवमीचा दिवस त्याला सोयीचा. वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांच्या फाइलींची प्रत आमच्याकडे असते व नवी आवृत्ती आम्हीच येऊन बसवतो. करार नसलेल्यांनी निदान कॉन्फिगरेशनचे फोल्डर आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, आणि तो पेनड्राइव्ह मशीनच्या पॅनेलमध्ये न ठेवता ऑफिसात ठेवावा.