बंद मशीनमध्ये जागी असलेली चिप : पॉवर कंट्रोलर रीसेटची पार्श्वभूमी

लॅपटॉपवर एकही जड प्रोग्रॅम चालू नाही, तरी पंखा घोंघावतोय. चार्जर लावलाय, पण बॅटरी भरत नाही. झाकण उघडलं तरी स्क्रीन काळीच. किंवा पॉवरचं बटणच दाद देत नाही. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला: मशीन बंद करा, चार्जर काढा, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग पुन्हा चालू करा. बऱ्याचदा गुणही येतो. पण मुळात बंद असलेल्या मशीनचं बटण दाबून धरल्याने बदलतं तरी काय? त्यासाठी चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं, कॉम्प्युटरने पूर्णपणे बंद होणं सोडलं त्या काळात.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूस एक दणकट लाल स्विच होता. खटका पाडला की वीज तुटली, आणि विजेबरोबर चिपांच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. एखादी चिप अडकून बसली असेल तर तिची सुटका त्याच खटक्यात व्हायची. रीसेटचा वेगळा विधी लागतच नव्हता.

१९८३ च्या अ‍ॅपल लिसाचं बटण वेगळं होतं. ते दाबलं की वीज लगेच जात नसे. मशीन आधी उघडी कागदपत्रं जतन करी, पसारा आवरी आणि मग स्वतःच स्वतःला बंद करी. हे जमावं म्हणून नॅशनल सेमीकंडक्टरचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर सतत जागा ठेवलेला असे. कीबोर्ड, माउस, घड्याळ आणि पॉवर, चारही त्याच्याकडे. बटण दाबणं म्हणजे आता अर्ज करणं झालं, मंजुरी आत बसलेल्याच्या हाती. आणि तोच गोंधळला तर अर्ज कितीही वेळा करा, पडून राहणार.

पीसीच्या बाजूला हेच काम जरा आडवळणाने आलं. १९८४ च्या पीसी एटीमध्ये इंटेलचा ८०२८६ प्रोसेसर होता. त्याला प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे जास्त मेमरी वापरता येणाऱ्या नव्या पद्धतीत, नेता येत असे, पण परत रिअल मोडमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत, आणायचं तर प्रोसेसर रीसेट करण्यावाचून मार्ग नव्हता. आयबीएमच्या इंजिनिअरांनी काढलेली तोड अजब होती. कीबोर्ड सांभाळणाऱ्या ८०४२ या चिपचा एक पाय त्यांनी थेट प्रोसेसरच्या रीसेट लाइनला जोडला. सॉफ्टवेअर आधी घड्याळाच्या सीमॉस मेमरीत एक खुणेचा बाइट लिहून ठेवी आणि मग कीबोर्डच्या चिपला सांगे, प्रोसेसर पाड. प्रोसेसर उठला की बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, तो बाइट वाचून ओळखे की मशीन नव्याने चालू झालेलं नाही, आणि मधेच सोडलेल्या जागी उडी मारी. एक मेगाबाइटच्या वरच्या मेमरीची वाट उघडणारी ए२० ही कुप्रसिद्ध लाइनही याच चिपच्या गळ्यात मारली होती. इतकी महत्त्वाची कामं कीबोर्डच्या चिपकडे देण्यामागे फार खोल तत्त्वज्ञान नसावं. ती तिथे होती आणि तिचे पाय मोकळे होते.

पुढे लॅपटॉप आले, तेव्हा बॅटरी, पंखा, झाकणाचा सेन्सर, चार्जिंगचा दिवा ही कामं कोणाला द्यायची हा प्रश्न उभा राहिला, आणि ती सगळी क्रमाक्रमाने याच चिपच्या वंशजांकडे गेली. आज ज्याला एम्बेडेड कंट्रोलर किंवा नुसतं ईसी म्हणतात तो हाच. अनेक लॅपटॉपमध्ये आतला कीबोर्ड अजून तोच वाचतो. म्हणून ईसी बिघडला की पंख्याबरोबर कधीकधी कळाही रुसतात.

अ‍ॅपलने १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये पॉवर मॅनेजर नावाचा स्वतंत्र कंट्रोलर बसवला. या मशीनची बॅटरी लेड-अ‍ॅसिडची होती, आणि ती पार उतरली असेल तर भिंतीतल्या विजेवरही मशीन उठत नसे. त्यानंतरच्या पॉवरबुक १४० ते १८० या मालिकेत पॉवर मॅनेजर रीसेट करायचा तर बॅटरी आणि अ‍ॅडॉप्टर काढून, मागची दोन बारीक छिद्रं शोधून, दोन पेपरक्लिपा सरळ करून दोन्ही आतली बटणं एकाच वेळी पाच-दहा सेकंद दाबावी लागत. एवढा खटाटोप कंपनीच्या अधिकृत सूचनांमध्येच होता. म्हणजे कंट्रोलर अडकतो हे बनवणाऱ्यांनाही पक्कं माहीत होतं.

डेस्कटॉप पीसीचा खटका गेला तो १९९५ मध्ये, इंटेलच्या एटीएक्स मानकाबरोबर. एटीएक्सचा पॉवर सप्लाय मशीन बंद असतानाही पाच व्होल्टची एक स्टँडबाय लाइन जिवंत ठेवतो. समोरचं बटण मदरबोर्डला फक्त इशारा देतं. पाठोपाठ डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक आणलं आणि पॉवरचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिला. पण सिस्टिमच गोठली तर? म्हणून एक पळवाट ठेवली: बटण चार सेकंद दाबून धरलं की सिस्टिमला न विचारता मशीन बंद. ही सवय आपल्या बोटांत इतकी मुरली आहे की तीमागे लिखित मानक आहे हे लक्षातही येत नाही.

मात्र त्या चार सेकंदांनी मशीन बंद होतं, स्टँडबाय वीज तशीच राहते, आणि खरी गोम इथेच आहे. ईसीला स्वतःचा प्रोग्रॅम असतो, स्वतःची मेमरी असते. तुम्ही दहादा रीस्टार्ट केलंत तरी त्याच्या मेमरीत ‘झाकण बंद आहे’ असं बसलं असेल तर ते बसूनच राहतं. तापमानाचा एखादा सेन्सर वाचता आला नाही तर बरेच कंट्रोलर सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगाने सोडतात. तो चुकीचा समज पुसला जाईपर्यंत पंखा घोंघावतच राहणार. चार्जर आणि बॅटरी काढून बटण दाबून धरलं की कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपते आणि कंट्रोलर कोऱ्या पाटीने उठतो. शिवाय अनेक मशीनमध्ये बटणाला जोडलेलं सर्किट स्वतःच सेकंद मोजतं आणि ठरावीक वेळ झाली की कंट्रोलरची रीसेट लाइन ओढतं. ‘स्टॅटिक निघून जातं’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण त्यामानाने अर्धवट आहे.

मॅकच्या जगात या विधीला जवळपास धार्मिक रूप आलं. पॉवर मॅक जी४ च्या मदरबोर्डवर पीएमयू, म्हणजे पॉवर सांभाळणारं पॉवर मॅनेजमेंट युनिट, रीसेट करण्याचं चिमुकलं बटण होतं. अ‍ॅपलची त्याबाबतची ताकीद वाचण्यासारखी होती: बटण एकदाच दाबा, दुसऱ्यांदा दाबलंत तर पीएमयूच कोसळू शकतो. दुरुस्तीचं बटण दोनदा दाबलं की बिघाड वाढतो, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

२००६ मध्ये इंटेलवाले मॅक आले आणि पीएमयूच्या जागी सिस्टिम मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे एसएमसी आला. पंखे, बॅटरी, झाकण, कीबोर्डमागचा उजेड, छोटे दिवे, सगळं त्याच्याकडे. सुरुवातीच्या मॅकबुकांत बॅटरी काढून बटण पाच सेकंद दाबायचं. बॅटरी आत बंदिस्त झाल्यावर डावीकडच्या शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि पॉवर अशा चार कळा आल्या. या जोडणीचं मूळ जी४ पॉवरबुकांच्या पीएमयू रीसेटमध्ये आहे. डेस्कटॉपवर नुसती वायर पंधरा सेकंद काढून ठेवायची.

याच्याशी नेहमी गल्लत होते ती पीरॅम किंवा एनव्हीरॅम रीसेटची, कमांड-ऑप्शन-पी-आर वाली. तिथे आवाज, स्टार्टअप डिस्क अशा जपून ठेवलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात; १९८४ च्या पहिल्या मॅकमध्ये ही जागा घड्याळाच्या चिपमध्ये अवघी २० बाइट होती. आवाजाच्या तक्रारीवर एसएमसी आणि पंख्याच्या तक्रारीवर पीरॅम सुचवणारे सल्ले सर्रास दिसतात. दोन्ही करून टाकलं की कशाने बरं वाटलं हे कळतच नाही. माझ्या मते या रीसेटचा सगळ्यात मोठा तोटा हाच: तो फुकट आणि निरुपद्रवी असल्याने निदानाच्या आधीच दिला जातो. रीसेटनंतर काही दिवसांनी पंखा पुन्हा बोंबलू लागला तर कंट्रोलरला दोष देणं सोडावं. सेन्सर गेलेला असतो, जाळीत धूळ बसलेली असते किंवा बॅटरी फुगलेली असते, आणि ते कुठल्याही कळा दाबून बरं होत नाही.

डिसेंबर २०१७ च्या आयमॅक प्रोपासून एसएमसीचं काम टी२ या मोठ्या चिपमध्ये विलीन झालं. टी२ असलेल्या लॅपटॉपांसाठी कृती आणखी लांबली: डावं कंट्रोल, डावं ऑप्शन आणि उजवं शिफ्ट सात सेकंद, मग त्या न सोडता पॉवरसह आणखी सात. विंडोजवाल्या लॅपटॉपांत मात्र ईसी अजून आपल्या जागी आहे. काही थिंकपॅडच्या पाठीवर त्यासाठी टाचणी जाईल एवढं छिद्र असतं. क्रोमबुकमध्ये रीफ्रेश आणि पॉवर या दोन कळा पुरतात, आणि तिथल्या ईसीचा कोड खुला असल्याने रीसेटच्या वेळी काय घडतं ते वाचूनही पाहता येतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले आणि अ‍ॅपलपुरता हा विधी संपला. पॉवरचा कारभार मुख्य चिपच्याच पोटात गेला, वेगळी कृती उरली नाही, साधं बंद करून चालू करणं पुरेसं. जुन्या सवयीने बंद एम१ मॅकचं पॉवर बटण दाबून धरणाऱ्याच्या समोर आता स्टार्टअपचे पर्याय दाखवणारा स्क्रीन येतो.