त्वचाकर्करोगाची नियमित तपासणी

त्वचाकर्करोगाची नियमित तपासणी : काहीही तक्रार नसताना ठरावीक काळाने सर्वांगाची त्वचा डॉक्टरांकडून पाहून घेणे. तपासणी डोळ्यांनी व डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाच्या उपकरणाने) होते. संशयित डागाचे निदान बायॉप्सीने, म्हणजे त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, पक्के करतात. नियमित तपासणी सरसकट सर्वांनी करावी का, यावर एकमत नाही.

मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाची जाडी व रुग्णाचे भवितव्य यांचा संबंध ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवला. रोग लवकर सापडला तर मृत्यू घटतील, या अपेक्षेला त्यातून बळ मिळाले. तिचा मोठा कस उत्तर जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात लागला. तेथे २००३-०४ मध्ये विशीपुढील सुमारे ३ लाख ६० हजार लोक तपासले गेले. पात्र लोकसंख्येचा हा जेमतेम पाचवा हिस्सा. पुढील काही वर्षांत मेलॅनोमाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००८ पासून जर्मनीत पस्तिशीपुढील विमाधारकांना दर दोन वर्षांनी ही तपासणी मिळू लागली. मात्र देशभर तशी घट दिसली नाही आणि त्या राज्यातही मृत्युदर पुन्हा चढला. मृत्यूच्या कारणांच्या नोंदीतील वर्गीकरणामुळे मूळ घट काही अंशी भासली असावी, असे काही संशोधक मानतात. सहभाग इतका कमी असताना एवढी घट झाली, हे पाहता त्यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ व २०२३ मध्ये पुरावा अपुरा ठरवला. त्रास न देणारे डागही कर्करोग ठरून कापले जाण्याचा, म्हणजे अतिनिदानाचा, धोका उरतोच.

पूर्वी मेलॅनोमा झालेले, रक्ताच्या नात्यात तो असलेले, अंगावर पुष्कळ तीळ असलेले गोरे लोक व अवयव-प्रत्यारोपण झालेले यांच्यासाठी नियमित तपासणी सामान्यतः मान्य आहे. बदलणारा तीळ किंवा न भरणारी जखम मात्र कोणीही लगेच दाखवावी. तेथे हा वाद लागूच होत नाही.

भारताच्या राष्ट्रीय चाळणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, त्वचेचा नाही. सावळ्या त्वचेत मेलॅनोमा विरळा, पण झाल्यास बऱ्याचदा तळपाय, तळहात वा नखाखाली होतो. परदेशस्थ मराठी माणसाने तपासणी करून घेताना या जागाही दाखवाव्यात. कमरेवरील ‘धोतर कर्करोगा’चे वर्णन मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ व. रा. खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये केले. साडी व परकराच्या नाडीखालीही तसाच रोग पुढे नोंदला गेला. घट्ट गाठीचे दीर्घ घर्षण हे त्याचे मुख्य कारण मानतात. घाम व उष्ण हवेचा वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत. कमरेवर वर्षानुवर्षे टिकलेल्या खवलेदार पट्ट्यात व्रण झाल्यास त्याची बायॉप्सी करणे अगत्याचे असते.