ग्रिलचा पाय आणि ‘अलार्म’चे खिळे

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी गॅसची ग्रिल मिळाली. पेटीचा पत्रा स्टेनलेसचा, बर्नर धड. पण सांगाड्याचा एक पाय आणि खालची आडवी पट्टी गायब. विकणारा म्हणाला, ‘‘साहेब, पाय काय, कुठलाही लावा!’’

घरी आणून पाहिलं, तर पत्र्यावरची भोकं चकचकीत आणि त्यांत साध्या लोखंडी बोल्टांचा भुगा. पाऊस दोघांनी सारखाच खाल्लेला. मग बोल्टच का संपले?

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि वर ओल धरली, की तिथं छोटी बॅटरीच तयार होते. जास्त क्रियाशील धातू इलेक्ट्रॉन देत विरघळत जातो, दुसरा वाचतो. मसाल्यातलं मीठ ठिबकत असेल, तर हे काम आणखी जोरात चालतं. त्यात पत्रा मोठा, बोल्ट चिमुकला; म्हणजे सगळी झीज त्या एका बोल्टवर. याच्या उलट, लोखंडी सांगाड्याला स्टेनलेसचे बोल्ट लावले, तर झीज अख्ख्या सांगाड्यावर पसरते आणि वर्षानुवर्षं जाणवत नाही.

ब्रिटिश नौदलानं हा धडा समुद्रात घेतला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवण्यासाठी १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, तो लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांत खिळे विरघळून पत्रा सुटू लागला. पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद जिथं खिळा आणि तांबं यांच्यामध्ये चुकून राहिला होता, तिथले खिळे मात्र ठणठणीत!

रंगाचंही असंच उलटं गणित आहे. फक्त गंजणाऱ्या बोल्टला रंग दिला आणि त्यावर एक ओरखडा उठला, तर सगळा हल्ला त्या ओरखड्यावर होतो. म्हणून रंग स्टेनलेसलाही द्यायचा. हे पटायला मला स्वतःलाच वेळ लागला.

फॅब्रिकेशनवाल्यानं जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, सुचवला, ‘‘गंजणार नाही, वेल्डिंग मारून देतो.’’ पाइप चांगलाच, पण वेल्डिंग नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ९०७ ला उकळतं. वेल्डिंगच्या आचेत त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. त्यामुळे पाय जीआयचा, पण बोल्टनं जोडलेला. बर्नरजवळ मात्र जस्त कुठंच नाही. आडवी पट्टी साध्या लोखंडाची, उष्णता सोसणारा रंग मारलेली.

बर्नरच्या नळीत कोळ्यानं जाळं केलं होतं. तेवढ्यानं हवा अडून ज्योत पिवळी होते, काजळी धरते. जाळं काढलं, रबरी नळी नवी घेतली, जोडांना साबणाचा फेस लावून गळती पाहिली. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं गळलेला गॅस खालीच साचून राहतो.

बोहरी आळीतून स्टेनलेसचे बोल्ट आणले. तपकिरी कागदाचं काम नायलॉनच्या वॉशर आणि बुशना (बोल्टवर चढणाऱ्या छोट्या नळ्यांना) दिलं, अर्थात आचेपासून लांब, पायापाशीच. ग्रिल सध्या गच्चीत आहे. पावसाळा सरला की एक बोल्ट खोलून बघणार आहे.